जठराच्या दारावर हुकूम कोणाचा?



आजचा विषय आयोजकांना कळवला तेव्हा त्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस आतड्यांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही डॉक्टर आहोत ते कागदावरचे, औषधाच्या चिठ्ठीवरचे नव्हे. पण आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव शिकवला, आणि त्याची एक फार चांगली गोष्ट आपल्याला ज्ञानेंद्रियांत किंवा मेंदूत नव्हे, तर जठर आणि लहान आतडं यांच्यामधल्या बोटभर वाटेत सापडते. दुसरं कारण घरचं आहे, तेही सांगून टाकतो.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, त्यांना पोटात अल्सर होता. साधारण 1970 च्या सुमारास त्यांचं ऑपरेशन झालं. जठराचा खालचा भाग काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. अल्सर गेला. पण त्यानंतर अण्णांनी गोड चहा किंवा खीर घेतली की पंधरा-वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, आडवं व्हावं लागायचं. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी सांगितलं, हे मनाचं आहे. घरच्यांनी ते मान्य केलं. आम्ही तेव्हा वर्गात देकार्त शिकवत होतो, मन आणि शरीर वेगळं कसं वगैरे. आम्हीही म्हणालो, "अण्णा, जरा मन घट्ट करा." हे वाक्य आम्हाला अजून बोचतं. कसं ते पुढे येईलच.

आधी थोडा भूगोल. अन्ननलिकेतून अन्न जठरात येतं. जठराच्या तळाशी स्नायूंचं एक कडं आहे, त्याला पायलोरस म्हणतात. हा ग्रीक शब्द, अर्थ द्वारपाल. त्यापलीकडे लहान आतड्याचा पहिला भाग, साधारण पंचवीस सेंटीमीटर लांबीचा, बारा बोटं रुंदीएवढा म्हणून लॅटिनमध्ये ड्युओडेनम. आपल्याकडे मराठी पुस्तकांत त्याला ग्रहणी म्हणतात. प्यालेलं पाणी, दूध, सरबत जठरातून ग्रहणीत कधी आणि किती वेगानं जातं, आणि ते कोण ठरवतं, एवढाच आजचा प्रश्न.

दुसऱ्या शतकातल्या गेलेननं याचं उत्तर दिलं होतं. जठराला एक धारणशक्ती आहे. अन्न शिजेपर्यंत ते धरून ठेवतं, दार बंद असतं; शिजलं की उत्सर्जनशक्ती काम करते आणि दार उघडतं. गेलेन नुसता बोलत नव्हता. त्यानं जिवंत जनावरांचं पोट उघडून जठर अन्नाभोवती आवळलेलं आणि दार मिटलेलं पाहिलं होतं. निरीक्षण चोख. स्पष्टीकरण मात्र असं की जठर धरतं, कारण त्याच्यात धरण्याची शक्ती आहे. मोलिएरनं 1673 च्या आपल्या नाटकात याच तऱ्हेच्या उत्तराची टर उडवली आहे. अफूनं झोप का येते? कारण तिच्यात झोप आणणारा गुण आहे! आणि परीक्षक टाळ्या वाजवतात. हसू नका, आमच्या पेपर तपासण्याच्या दिवसांत आम्हीही अशा उत्तरांना गुण दिलेले आहेत.

आता कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच बोलतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांचा आहे. तिथे म्हटलं आहे की ग्रहणी हे अग्नीचं स्थान, ती कच्चं अन्न धरते आणि पिकलेलं पुढे सोडते. दुबळी झाली की कच्चंच सोडते. धरणारी म्हणून ग्रहणी. वाचून अंगावर काटा येतो, कारण धरून ठेवण्याचा अधिकार इथे जठराकडे न देता त्याच्या पुढच्या जागेकडे दिला आहे. पण म्हणून "आमच्याकडे सगळं आधीच माहीत होतं" असं म्हणायला आम्ही तयार नाही. चरकाची ग्रहणी आणि आजच्या शरीरशास्त्रातली ग्रहणी एकच आहे असं धरून चालणं हा शब्दांचा खेळ होईल. मराठी पाठ्यपुस्तकांनी जुनं नाव नव्या अवयवाला दिलं, त्यामुळे तो खेळ आणखी सोपा झाला. चरकाचं निरीक्षण मोठं आहे, ते तसंच मोठं राहू द्या. यंत्रणा काय, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही.

यंत्रणेचा प्रश्न विचारायला पोटात डोकवावं लागतं. 6 जून 1822 रोजी मॅकिनॅक बेटावर, अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात, चुकून बंदूक सुटली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाच्या डाव्या बरगड्यांखाली भगदाड पडलं. लष्करी सर्जन विल्यम ब्यूमाँट यानं त्याला वाचवलं. जखम भरली, पण जठराला बाहेरून पडलेलं भोक काही बुजलं नाही. 1825 पासून ब्यूमाँटनं त्या भोकातून प्रयोग सुरू केले. दोऱ्याला बांधलेला मांसाचा तुकडा आत सोडायचा, तासाभरानं ओढून बघायचा. 1833 साली त्याचं पुस्तक निघालं. आपल्या विषयापुरतं त्यातलं एकच निरीक्षण घेऊ. पाणी, दारू आणि बहुतेक पातळ पदार्थ जठररसानं बदलत नाहीत आणि पोटात गेल्यावर लवकरच पुढे निघून जातात. म्हणजे घट्ट आणि पातळ यांना नियम वेगळा. गेलेनचा द्वारपाल पाण्याला अडवत नाही!

सेंट मार्टिनबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो ब्यूमाँटच्या घरी लाकडं फोडायचा, कामं करायचा आणि मधूनमधून पोट उघडून बसायचा. एकदा कॅनडात पळून गेला, लग्न केलं, चार वर्षांनी परत आला. 1832 च्या करारात वर्षाला 150 डॉलर आणि खाणंपिणं असा भाव ठरला. तो चिडला, की जठराचं आतलं अस्तर आणि पचनाचा वेग बदलतो, अशी नोंद ब्यूमाँटनं केली आहे. तो का चिडला याची फारशी नोंद नाही. तो 1880 मध्ये गेला, तेव्हा घरच्यांनी प्रेत मुद्दाम सडू दिलं आणि खोल खड्ड्यात पुरलं, कारण डॉक्टर मंडळी ते जठर मागत होती. या शास्त्राच्या पायाशी असा एक माणूस आहे, आणि त्याच्यानंतर पुष्कळ कुत्री आणि मांजरं.

1890 च्या दशकात जर्मनीत फॉन मेरिंग आणि हिर्श यांनी कुत्र्यांच्या ग्रहणीला छिद्र ठेवून जठरातून काय बाहेर पडतं ते मोजलं. तिथे पहिल्यांदा उलटी गोष्ट दिसायला लागली. जठराला हात न लावता आतड्यात पदार्थ सोडला, तरी जठर थांबतं. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या सेर्द्युकोव्हनं 1899 मध्ये हेच आम्लाबाबत दाखवलं. आतड्यात आम्ल घाला, जठर माल सोडणं बंद करतं.

इथे जरा थांबू या, कारण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं गाठ इथे आहे. वाटेत आधी जठर येतं, मग आतडं. मग नंतरचा आधीच्यावर हुकूम कसा चालवतो? परिणाम कारणाच्या आधी आला का? ॲरिस्टॉटलचा अंतिम हेतू मागच्या दारानं परत आला का? तसं काही नाही. लग्नाच्या पंगतीतला वाढपी आठवा. तो पहिला वाढा वाढतो, मग पान बघतो. पान रिकामं तर पुन्हा वाढतो, पानात भाताचा ढीग तसाच तर पुढे सरकतो. जेवणारा वाढप्याच्या नंतरचा, पण वाढप्याचा वेग तोच ठरवतो. जठर सुरुवातीला थोडा द्रव सोडून बघतं. आतडं त्याची चव घेतं म्हणा. मग निरोप मागे जातो आणि पुढचा घोट त्या निरोपाप्रमाणे सुटतो. पहिला घोट कारण, निरोप परिणाम, आणि तोच परिणाम दुसऱ्या घोटाचं कारण. काळाचा क्रम कुठेच मोडत नाही. साखळीची दोन टोकं जुळली की बाहेरून बघणाऱ्याला त्यात हेतू दिसतो, एवढंच.

बरं, निरोप जातो कसा? या प्रश्नानं पुढची पन्नास-साठ वर्षं खाल्ली.

हार्वर्डचा वॉल्टर कॅनन वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असताना, 1896 च्या अखेरीस, नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांनी जनावरांचं गिळणं बघू लागला. मग मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन जठराच्या लाटा बघितल्या. मांजर घाबरलं की लाटा थांबतात हे त्यानं टिपलं आणि पुढे भावना आणि शरीर यावर त्याचं मोठं काम झालं. 1907 साली त्यानं दाराचा सिद्धांत मांडला. जठराच्या बाजूला आम्ल वाढलं की दार उघडतं, आतड्याच्या बाजूला आम्ल आलं की दार मिटतं, आतड्यानं ते निवळलं की पुन्हा उघडतं. इतका सुबक सिद्धांत की तो खरा असावा असं वाटतं. आम्हाला तरी असल्या सुबक गोष्टींचा मोह फार. पण साधं पाणी आम्लाची वाट बघत नाही. तुपाला आम्ल लागत नाही, तरी ते सगळ्यांत जास्त रेंगाळतं. आणि 1930 च्या दशकात फिलाडेल्फियात टॉमस आणि क्रायडर यांनी दार उघडं ठेवून जठर रिकामं होताना बघितलं, तरी आतड्याचा अंमल टिकून होता. म्हणजे द्वारपाल हा एकटा कर्ता नव्हे. आतडं निरोप धाडतं तेव्हा जठराचा वरचा भाग सैलावतो, खालच्या लाटा मंदावतात, दारही आवळतं, खुद्द ग्रहणीही आकसून वाट अरुंद करते. सबंध कचेरी हलते. इतकी शतकं शिपायाच्या नावानं चाललेला कारभार त्याचा एकट्याचा नव्हताच.

निरोपाचा एक मार्ग मज्जातंतूंचा, हे लवकर कळलं. दुसरा रक्तातून. जानेवारी 1902 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याचा एक तुकडा मज्जातंतूंपासून तोडला, त्यात आम्ल घातलं, आणि तरी स्वादुपिंडाला खबर पोचली. ज्या पदार्थानं ती नेली त्याला सीक्रेटिन म्हटलं. 1905 मध्ये स्टार्लिंगनं अशा पदार्थांना हॉर्मोन हे नाव दिलं. आज मुलं भांडली तरी आपण "हॉर्मोन्स आहेत" म्हणतो. तो शब्द आतड्याच्या प्रयोगातून आला, हे किती जणांना माहीत असतं?

मग जठराचं काय? 1926 मध्ये शिकागोकडचे फॅरल आणि आयव्ही यांनी कुत्र्याच्या जठराचा तुकडा त्वचेखाली नेऊन रुजवला. कुठलाही मज्जातंतू त्याला जोडलेला नाही. कुत्र्याला चरबी खाऊ घातली, आणि तो परक्या जागी पडलेला तुकडाही हालचाल थांबवून बसला. रक्ताशिवाय दुसरी वाटच नव्हती. 1930 मध्ये पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात कोसाका आणि रॉबर्ट लिम यांनी आतड्यातल्या त्या कल्पित पदार्थाला एंटेरोगॅस्ट्रोन असं नाव ठेवलं. एक जपानी आडनाव, एक चिनी, प्रयोगशाळा पेकिंगला, साल 1930. काही वर्षांतच त्या दोन देशांत युद्ध पेटलं आणि लिम चिनी रेडक्रॉसची वैद्यकीय पथकं उभारायला गेला. नाव मात्र दोघांचं एकाच कागदावर राहिलं. पुढे कळलं की एंटेरोगॅस्ट्रोन एक नाही, अनेक आहेत. चरबी आणि प्रथिनं आल्यावर आतड्यातून सुटणारं कोलेसिस्टोकायनिन त्यांतलं एक. ते मुख्यतः आतड्याच्या भिंतीतल्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांनाच चेतवतं, म्हणजे रक्ताचा आणि तंतूचा असे जे दोन पक्ष भांडत होते, त्यांची वाट पुढे एकच झाली. जीएलपी-1 हे दुसरं. हल्ली वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांची जाहिरात आपण बघता, ती याचीच नक्कल करतात, आणि सुरुवातीला पोट भरलेलं वाटतं त्यातला काही भाग जठर हळू रिकामं होण्याचा असतो.

पण आम्हाला या सगळ्या कथेत सगळ्यांत आवडतो तो लंडनच्या गाइज हॉस्पिटलचा जे. एन. हंट. कारण त्याची हत्यारं अगदी गरीब आहेत. एक रबरी नळी, साधारण पाऊण लिटर द्रव, त्यात लाल रंग, आणि नळी गिळायला राजी असलेली माणसं. रंग आतड्यात किंवा जठरात शोषला जात नाही, त्यामुळे ठरावीक वेळानं जठरातलं सगळं परत ओढलं की किती पुढे गेलं ते कळतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तोच द्रव, फक्त वेळ दुसरी. असे दिवसांमागून दिवस. 1951 मध्ये त्यानं स्परेलबरोबर दाखवलं की द्रव जाण्याला एक शिस्त आहे. ठरावीक काळात जेवढं शिल्लक असेल त्याचा ठरावीक हिस्सा जातो. जास्त असेल तर जास्त, कमी उरलं की कमी.

मग त्यानं द्रवात एकेक पदार्थ घालायला सुरुवात केली. 1960 च्या त्याच्या एका निबंधावर दुसरं नाव पाठक असं आहे. परदेशी नियतकालिकात आपल्या वळणाचं आडनाव भेटलं की आम्हाला उगाच बरं वाटतं. त्या निबंधात मजा अशी की थोडं मीठ घातलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर निघतं. मीठ बरंच वाढवलं की उलट मंदावतं. ग्लुकोज मात्र वाढवाल तसं मंदावतच जातं. हंटचा निष्कर्ष असा की आतड्यात द्रवाची तीव्रता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, जोखणारे ग्राहक आहेत.

ते आतड्यातच कशावरून? जठरात का नसतील? हंटचा युक्तिवाद बघा, आम्ही तर्कशास्त्राच्या वर्गात हा सांगायला हवा होता. पिठूळ पदार्थ घ्या, स्टार्च. त्याचे रेणू प्रचंड मोठे, म्हणून संख्येनं थोडे. जठरात असेपर्यंत कणांची दाटी अगदी कमी. नियमाप्रमाणे त्यानं जठर मंदावता कामा नये. पण तो मंदावतो, जवळजवळ तेवढ्याच ग्लुकोजइतका. म्हणजे जिथे स्टार्च फुटून साखर होते, तिथेच तो जोखला जात असला पाहिजे. ती जागा जठराच्या पलीकडे आहे. सुरी न चालवता, एकाही जनावराला हात न लावता, नुसत्या पेजेसारख्या द्रवाच्या दोन आकड्यांवरून जागा ठरवली! सेंट मार्टिनला हे बघायला मिळायला हवं होतं.

1975 मध्ये हंट आणि स्टब्ज यांनी जुने आकडे एकत्र करून म्हटलं की द्रव जितका सकस तितका तो मिलिलिटरमध्ये हळू जातो, त्यामुळे मिनिटाला आतड्यात पोचणाऱ्या कॅलरी फारशा बदलत नाहीत. तूप असो, साखर असो, प्रथिनं असोत. मग जॉन्स हॉपकिन्समध्ये मॅकह्यू आणि मोरन यांनी 1979 च्या सुमारास माकडांवर हे तपासलं. ग्लुकोजचं पाणी पातळ द्या की दाट द्या, मिनिटाला साधारण 0.4 किलोकॅलरी. 1983 मध्ये माणसांवर केलं, तेव्हा मिठाचं पाणी भराभर गेलं, ग्लुकोज मात्र संथ, सरळ रेषेत, मिनिटाला 2.13 किलोकॅलरी. आपण हिशेब करू. दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर, चाळीस किलोकॅलरी, एकोणीस मिनिटं. पाहुण्यांना देतो तसं चाळीस ग्रॅम साखरेचं सरबत असेल तर सव्वा तास. हा आकडा प्रत्येकाला प्रत्येक दिवशी लागू नाही, बरं का. घड्याळ लावून बसू नका. पण आतडं आपल्याला झेपेल तेवढंच मागवतं, एवढं त्यातून दिसतं.

आणि झेपेल तेवढं न मागवता सगळं एकदम आलं तर? तेच अण्णांचं झालं. जठराचा खालचा भाग आणि दार काढून टाकलं की निरोप पोचला तरी तो पाळणारं कोणी उरत नाही. गोड चहा सरळ आतड्यात कोसळतो. तो रक्तापेक्षा दाट असतो, म्हणून रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. रक्ताचं आकारमान घटतं, हृदय धावतं, घाम फुटतो. पुढे साखर एकदम रक्तात चढते, इन्सुलिन उसळतं, आणि तास-दोन तासांनी हातपाय गळतात. याला डंपिंग म्हणतात. जठराची अशी शस्त्रक्रिया 1881 मध्ये व्हिएन्नात बिलरोथनं पहिल्यांदा यशस्वी केली, आणि हा त्रास 1913 मध्ये लंडनच्या हर्ट्झनं वर्णिला, तोही गाइजचाच. म्हणजे अण्णांना "मनाचं आहे" असं सांगितलं गेलं, तेव्हा ही गोष्ट छापून अर्धशतक उलटून गेलेलं होतं.

याच दाटपणाचा धडा आपल्या शेजारी फार मोठ्या प्रमाणावर कामाला आला. 1971 मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपत आल्यावर मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजायला लावलं. आतड्यात ग्लुकोज आत जाताना सोडियमला आणि त्याच्यामागून पाण्याला घेऊन जातं, हे तत्त्व. पण साखर जास्त झाली की तेच पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. म्हणून 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या मिश्रणाची तीव्रता 311 वरून 245 वर उतरवली, रक्ताच्याही खाली. जुलाब लागलेल्या मुलाला कौतुकानं बाटलीतलं गोड पेय पाजणाऱ्या आज्या आम्ही आमच्याच घरात पाहिल्या आहेत. त्यांना कोणी हे सांगितलेलं नव्हतं.

अण्णांनी मात्र कोणी न सांगता स्वतःची रीत बसवली होती. जेवताना पाणी प्यायचं नाही, तासाभरानं प्यायचं. चहा बिनसाखरेचा, तोही बशीतून थोडा थोडा. जेवण झालं की लगेच अर्धा तास आडवं व्हायचं. घरात याला अण्णांचं सोवळं म्हणून हसत असू. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, या व्याख्यानासाठी वाचताना, डंपिंगच्या रुग्णाला देतात त्या सूचना आमच्या हाती आल्या. कोरडं जेवण, पाणी वेगळ्या वेळी, साखर वर्ज्य, जेवल्यावर आडवं व्हा. हंटला नळी लागली, अण्णांना तीही लागली नाही.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत कोणीतरी हात वर केलाय. माइक द्या तिकडे.